मधुवंतीबाईंची बंदूक

"हिचा धक्का किती बसतो?" मधुवंतीबाईंनी विचारलं.

काउंटरपलीकडचा रॉस नावाचा दाढीवाला दुकानदार त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होता. बरोबरचा पुरुष कुठे आहे ते शोधत असावा. मागे कोणी नव्हतं. दाराशी गमबूट मांडलेले होते आणि बाहेर ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्याच्या रस्त्यावर पावसाची बुरबुर चालू होती.

"नवऱ्यासाठी बघताय का?" त्याने विचारलं.

"नवऱ्यासाठीच," बाई म्हणाल्या. "पण वापरणार मी." आणि पर्समधून बंदुकीचं लायसन्स काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. लायसन्सवरच्या फोटोत त्या कोणाला तरी खाऊ की गिळू अशा बघत होत्या. आत्ताही तशाच बघत होत्या.

रॉसने लायसन्स निरखून पाहिलं, बाईंना निरखून पाहिलं, आणि तो एकदम कामाचं बोलू लागला. शिकार कशाची? कबुतरं? स्वीट अॅज, म्हणजे झकास. मग दोन नळ्यांची जुनी बंदूक नको, ती लाथ मारते, तुमचा खांदा दोन दिवस सुजेल. सेमी-ऑटोमॅटिक घ्या. ती बार सुटल्यावरचा थोडा गॅस आतच वापरते, रिकामं काडतूस स्वतः बाहेर फेकते, पुढचं स्वतः आत घेते, आणि त्या खटपटीत बराचसा धक्का जिरतो. बारा बोअरची नको, वीसची बघा. इटलीच्या त्या वर टांगल्यात, त्या नुसत्या बघायच्या. तुमच्या आमच्यासारख्यांनी तुर्कीची घ्यावी. दिसायला साधी आहे, पण साफ ठेवलीत तर अडकणार नाही.

"साफ ठेवायचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या. एकवीस वर्षं फार्मसीत गोळ्यांचे पॅक भरून त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना जिवंत ठेवलं होतं. सोमवारची गोळी कधी मंगळवारच्या खणात गेली नव्हती.

बंदूक खांद्याला लावली तर दस्ता लांब. बाईंचा हात चाप गाठेपर्यंत मान वाकडी व्हायची. रॉस म्हणाला, दस्त्यामागची चकती काढून कमी करू, पण शिकारीला जे जॅकेट घालणार तेच आत्ता अंगात हवं, नाहीतर माप चुकतं. बाई म्हणाल्या, हेच घालणार. जॅकेट गुरुदत्तरावांचं होतं, निळं, कोपरांना विटलेलं, बाह्या दोनदा दुमडलेल्या. रॉसने त्या जॅकेटच्या जाडीवर माप बेतलं.

"एक सांगून ठेवतो," तो चकत्या शोधता शोधता म्हणाला. "केरेरू मारायचा नाही. तोही कबुतरच, पण जाडा असतो, हिरवट, पोटावर पांढरं बनियन घातल्यासारखा. तो मूळचा इथला, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपली करडी कबुतरं काय, बाहेरून आलेली. त्यांना कोणी विचारत नाही."

बाईंनी दात-ओठ खाल्ले. कारण हेच वाक्य, अगदी हेच, गुरुदत्तराव म्हणायचे. फक्त त्यांच्या तोंडी ते कबुतरांच्या बाजूने असायचं. 'बाहेरून आलीत बिचारी. आपल्यासारखीच. त्यांना कोण विचारतंय इथे?'

आता हे गुरुदत्तरावांचं प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर साठीला आलेली, मांसाहारच काय अंडंसुद्धा न शिवणारी सदाशिव पेठेतली बाई बंदुकीच्या दुकानात काय करते ते कळायचं नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी गुरुदत्त आगाशे इंजिनिअर म्हणून इथे आले, आणि पहिलं वर्षभर त्यांना काम मिळालं नाही. बायको कामाला, श्रिया शाळेला, आणि हे मागच्या अंगणात एकटे. झाडं अनोळखी, माणसं अनोळखी. पक्षी तर असे, की पहाटे कोण काय बोलतंय ते कळू नये. ओळखीची म्हणाल तर एक कबुतरं. तीच करडी, मानेवर तीच हिरवी-जांभळी झाक, तीच पुण्याच्या गच्चीवरची घुटुर्रघूं. त्यांनी मूठभर तांदूळ टाकला. दुसऱ्या दिवशी चार कबुतरं जास्त आली. पुढे नोकरी लागली, घर झालं, श्रिया शिकून टौरंगाला गेली, पण मूठभर तांदळाची मागच्या गॅरेजमध्ये बाजरीची टाकी झाली. शेडचं छप्पर पांढरं पडलं. ते घासायलाही हेच जायचे, हौसेने.

मग खोकला सुरू झाला. कोरडा, थांबायचं नाव न घेणारा. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवून सरळ सांगितलं. कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं आत गेली आहे, फुप्फुसं वाळत चालली आहेत, आणि पक्षी आजपासून बंद. गुरुदत्तरावांनी मान डोलावली. मधुवंतीबाईंनी त्याच संध्याकाळी टाकी रिकामी केली.

पण माणूस कसला ऐकतोय! सकाळी 'फिरून येतो' म्हणायचा आणि स्टेशनमागच्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहायचा. पापाटोएटो उपनगरातल्या, ओळखीच्या सुनीताच्या दुकानातून बाजरी यायची, बायकोच्या नकळत. बाईंना पत्ता लागला तो वॉशिंग मशीनमुळे. हे निळं जॅकेट धुवायला टाकलं होतं आणि आत चुरचुर आवाज येऊ लागला. झाकण उघडलं तर ड्रमभर बाजरी.

त्या दिवशी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, निदान मास्क तरी लावा! फार्मसीतून खोकं आणून ठेवलंय मी."

"मास्क लावला की ती ओळखत नाहीत गं," गुरुदत्तराव म्हणाले.

"नाही ओळखली तर काय बिघडतं?"

"त्यांचं माझ्याशिवाय कोण आहे इथे?"

"आणि माझं?" बाईंनी विचारलं. "माझं कोण आहे?"

यावर त्यांना खोकल्याची उबळ आली. प्रश्न तसाच राहिला. पुढच्या वैशाखात माणूसही गेला.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. ऑकलंडात कावळा नाही. पापाटोएटोच्या गुरुजींनी आधीच समजावलं होतं, इथे जो पक्षी येईल तो कावळा, आणि कोणीच नाही आलं तर माझ्याजवळ दर्भाचा कावळा आहेच. सगळे लांब उभे राहिले. चिमण्या आल्या नाहीत. सीगल आला, बघून गेला. मग एकेकाने गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून शब्द द्यायला सुरुवात केली. श्रिया म्हणाली, "बाबा, आय विल लुक आफ्टर आई." सुनीता म्हणाली, श्रियाचं लग्न थाटात करू. पिंड तसाच. आणि वर विजेच्या तारेवर ती सगळी कबुतरं ओळीने बसून खाली बघत होती.

काय बोलायला हवं ते मधुवंतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. चार शब्द होते. 'तुमच्या कबुतरांना दाणे घालीन.' ते त्या बोलल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या. मरताना एकदा तरी माझं नाव घ्यायचं होतं त्यांनी, मग मीही बोलले असते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा टेकवला आणि मंडळी घरी आली. तेराव्यानंतरच्या सोमवारी बाईंनी बंदुकीच्या लायसन्सचा अर्ज केला.

लायसन्स मिळेपर्यंत दहा महिने गेले. सेफ्टीचा वर्ग झाला. परीक्षेत एक उत्तर चुकलं, ते बाईंच्या मनाला फार लागलं. पोलिसांकडून एक बाई घरी येऊन बसली. बंदूक कशाला? कबुतरं मारायला. अलीकडे घरात काही दुःखद? नवरा वारला. मग तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का?

"मी का मरू?" मधुवंतीबाई उसळल्या. "माझं काय चुकलं?"

त्या बाईने श्रियालाही फोन केला होता. घरातल्या कोणाला तरी विचारतातच, या व्यक्तीच्या हाती बंदूक दिली तर तुम्हाला भीती वाटेल का. श्रियाने आईला नंतर सांगितलं, "मी म्हटलं, शी इज द मोस्ट केअरफुल पर्सन आय नो. पण आई, खरं सांगू? भीती वाटली मला. नॉट ऑफ यू. फॉर यू."

"भीती त्या कबुतरांना वाटू दे," बाई म्हणाल्या.

बंदुकीची लोखंडी तिजोरी गॅरेजच्या भिंतीत बोल्टने ठोकून घेतली. जागा बाईंनीच दाखवली, जिथे बाजरीची टाकी असायची तीच.

शिकवायला मेरे नावाची मैत्रीण होती. मेरे फार्मसीत काउंटरवर बसायची, मूळची इथलीच, माओरी, नवऱ्याची गावाबाहेर मक्याची शेती. मका कापून झाला की खाली सांडलेल्या दाण्यांवर कबुतरांचे थवे उतरत. नवी बंदूक घेतल्यावर तीन रविवार मेरेने त्यांना रेंजवर नेऊन मातीच्या उडत्या तबकड्या फोडायला लावलं. बंदूक बाईंच्या खांद्याला अशी बसली की मेरे म्हणाली, जन्मभर गोळ्या मोजत बसलीस ते चुकलंच.

"सोमवारी नांगर फिरणार," मेरे एका दुपारी म्हणाली. "यायचं तर शनिवारी ये. नंतर एक कबुतर दिसायचं नाही."

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शनिवारी वैशाख वद्य सप्तमी. गुरुदत्तरावांची तिथी, वर्षश्राद्ध.

दुसरी कोणी असती तर नाही म्हणाली असती. बाईंना उलट बरं वाटलं. त्याच दिवशी. बघू दे त्यांनाही वरून.

श्रियाने फोनवर कपाळाला हात लावला असावा. "आई! दॅट्स सो राँग. श्राद्धाच्या दिवशी जीव घेणार तू?"

"तुझे बाबा रोज सकाळी माझा जीव घ्यायला बाहेर पडायचे, तेव्हा कुठली तिथी बघितली होती त्यांनी?" बाई म्हणाल्या. "तू दुपारी जेवायला ये. पानाचं सगळं मी बरोबर नेते, बाराला तिथेच वाढीन. पान शिवलं की फोन करते, मग जेव. मी आल्यावर जेवीन."

शनिवारी पहाटे उठून बाईंनी सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, आणि सामोअन बायकांच्या बाजारातून आणलेल्या तारोच्या पानांचं अळू. श्राद्धाचं जेवण रागाने केलं तर चवीला कसं होतं कोण जाणे, पण वडे फुगले छान. डबा बांधला, अंगणातल्या केळीचं पान कापून गुंडाळलं, आणि गाडीच्या डिकीत एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला बंदूक ठेवून त्या निघाल्या.

मेरेने कुंपणाशी जाळी बांधून आडोसा केला होता. समोर कापलेल्या मक्याचे खुंट, त्यात प्लॅस्टिकची खोटी कबुतरं मांडलेली. मागे एक पत्र्याची जुनी शेड. थंडी होती, तोंडातून वाफ येत होती. बाईंनी काडतुसं भरली आणि वाट बघत बसल्या.

पहिला थवा आला तेव्हा त्यांनी घाई केली आणि तिन्ही बार फुकट गेले. मेरेने नवी काडतुसं पुढे केली. दुसरा थवा वळसा घालून खोट्या कबुतरांकडे उतरू लागला. बाईंनी दस्ता गालाशी घेतला. 'हा स्टेशनमागच्या पार्किंगचा,' त्या मनात म्हणाल्या आणि चाप ओढला. कबुतर हवेतच मुडपलं आणि ढेकळासारखं खाली आलं. 'हा बाजरीचा.' दुसरं पडलं. 'हा मास्क न लावल्याचा.' बंदूक खरंच धक्का देत नव्हती. रॉस खोटं बोलला नव्हता. रिकामी काडतुसं उजवीकडे टपटप पडत होती, दारूचा वास नाकात भरला होता, आणि वर्षभर छातीत अडकलेलं काहीतरी प्रत्येक बारासरशी सुटत होतं. बाईंना चक्क आनंद होत होता. त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

बारा वाजत आले तेव्हा आभाळ रिकामं झालं होतं. मेरेने पडलेली कबुतरं पोत्यात भरली, "हीप्स!" म्हणाली, ढीगभर झाली, मांस भरून यांची पाई भाजते, तुला चालत नाही ते तुझं नशीब, आणि मोटारसायकल फटफटवत घराकडे गेली.

मधुवंतीबाईंनी बंदूक रिकामी केली, आत बोट घालून खात्री केली, पिशवीत घालून चेन लावली. हात धुतले, चूळ भरली. मोकळ्या रानात केळीचं पान मांडलं. भाताची मूद, वरण, तूप, सगळं जागच्या जागी वाढलं. पाणी फिरवलं, हात जोडले, आणि मागे येऊन कुंपणाजवळ बसल्या.

कोणी आलं नाही.

येणार कोण? सकाळपासून जे जे पंख हलवत होतं ते बाईंनी एक तर पाडलं होतं नाही तर पिटाळलं होतं. चिमणीसुद्धा फिरकेना. भातावरची वाफ विरली. तूप थिजलं. बाई आणखी मागे सरकल्या. पोटात कावळे ओरडत होते, तेवढेच काय ते कावळे. घरी श्रिया ताट झाकून बसली असणार.

हळूहळू बाईंच्या लक्षात आलं की आज दर्भाचा कावळा नाही आणि गुरुजीही नाहीत. हे पान असंच राहिलं तर तो माणूस दुसऱ्यांदा उपाशी जाणार, आणि या खेपेला त्याला त्यांनीच, स्वतःच्या हाताने, बार काढून उपाशी घालवलेला असणार. इतका सूड त्यांना नको होता.

मग शेडच्या पत्र्यावर काहीतरी खरवडलं. एक कबुतर. शेपटीचं एक पीस वाकडं. सकाळच्या बारातून वाचलेलं असावं. ते पत्र्याच्या कडेला येऊन मान तिरकी करून पानाकडे बघत होतं. आणि खाली उतरत नव्हतं.

"ये," बाई म्हणाल्या.

ते हललं नाही.

"अहो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. "या ना. मला कळतंय तुम्हाला काय हवंय. तेव्हाही कळत होतं. नाही बोलले मी. तुम्ही तरी कुठे बोललात माझ्याशी?"

कबुतर एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करत राहिलं.

"बरं. घालीन दाणे. पण रोज नाही, सांगून ठेवते. शनिवारी. फक्त शनिवारी. आणि मास्क लावून. नाही ओळखलं त्यांनी तर राहू देत उपाशी."

कबुतराने पत्र्यावर चोच घासली.

"आणि बंदूक मी विकणार नाही. ती राहील तिजोरीत. छपरावर बसली तर काढीन." बाईंनी डोळे पुसले. निळ्या जॅकेटची बाही पुन्हा सुटून बोटांवर आली होती. "तेवढ्यात भागवा. माझंही कोणी नाहीये इथे, कळलं ना? मला अजून जगायचंय."

कबुतर तसंच बसून राहिलं. बाईंनी मोठा सुस्कारा सोडला. मेल्यावरसुद्धा हट्ट म्हणजे हट्ट.

"बरं बाबा," त्या म्हणाल्या. "बुधवारी पण."

पंख फडफडले. कबुतर खाली आलं, खुंटांतून डुलत डुलत पानाशी पोचलं. वड्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. मुदीजवळ गेलं आणि कडेचं एक शीत उचललं. मग दुसरं.

बाईंनी जॅकेटच्या खिशातून फार्मसीतला मास्क काढला, नाकावर नीट दाबून बसवला आणि श्रियाला फोन लावला.

"जेवून घे गं," त्या म्हणाल्या. "शिवलं पान."

"आई? तुझा आवाज असा का येतोय? तू रडतेयस का?"

"नाही गं," मधुवंतीबाई म्हणाल्या. "मास्क लावलाय."